ताळा

नारीनमध्ये रात्री एकनंतर लाइन मोकळी होते.
दिवसा सगळं गाव तिच्यावर लोंबकळतं,
लग्नांचे व्हिडिओ, मॉस्कोत कामाला गेलेली पोरं.
म्हणून बुरुलचा रात्रीच बसते
हिमस्खलनाच्या कचेरीत, पायाशी विजेची शेगडी,
आणि काळ्या पडद्यावर एक ओळ टंकते.

बिश्केकच्या दप्तरखान्यातून येताहेत
एसेनबेकच्या वह्या.
वरच्या ठाण्यावरचा निरीक्षक, बावीस हिवाळे
रोज सकाळी बर्फात काठी खुपसून
आकडा पेन्सिलीने लिहिणारा.
शाई तिथे गोठते.
एका हिवाळ्याची एक फाइल.

रेघ सरकते, टक्के चढतात,
शंभर झाले की यंत्र म्हणतं, झालं.
यंत्राच्या झालंवर बुरुलचा विसंबत नाही.
एकदा विसंबली होती.
तेव्हा ब्याऐंशीच्या हिवाळ्याच्या नावाने
चौदा किलोबाइटचं काहीतरी उतरलं,
उघडलं तर टेलिफोन कंपनीची नोटीस:
आपली शिल्लक संपली आहे, कृपया भरणा करावा.
नाव बरोबर, शेपटी बरोबर, आत हे.
दुसऱ्या खेपेला आकारसुद्धा जुळला,
बाइटला बाइट,
आणि मार्चची पानं नुसता राखाडी चिखल.

दप्तरखान्यातला कोणी भला माणूस
प्रत्येक फाइलसोबत चौसष्ट अक्षरं धाडतो.
वाचून काही अर्थ लागत नाही. नुसता ताळा.
उतरलेल्याचा ताळा इथे काढायचा
आणि दोन्ही शेजारी शेजारी धरायचे.
सांगितलं तर यंत्रच जुळवून देतं,
पण ऐझिरेकला हे काम आवडतं.
अकरा वर्षांची, घरी एकटी कशी ठेवायची.
आईचा कोट पांघरून ती कागदावरून वाचते,
आई पडद्यावरून.
नऊ. नऊ.
सी. सी.
शून्य. शून्य.

अठ्ठ्याऐंशीला पहिलं अक्षर जुळलं,
दुसऱ्यालाच फाटलं,
पुढे कुठे एखादं, तेही चुकून.
"एवढं सगळं बिघडलं?" पोरीने विचारलं.
एवढं नसेल गं. एखादा ठिपका.
पण ठिपका हलला की सगळी रांग कोसळते,
मागच्या उतारासारखी.
वरच्या कडेने एखादा बोकड धावतो
आणि खाली रस्ता राहत नाही.
फाइल पुसली. पुन्हा तीच ओळ टंकली.

तीनच्या सुमाराला एक्याण्णव उतरला.
ऐझिरेक साठाव्या अक्षराला झोपली,
उरलेली चार
आईने दोघींच्या आवाजात म्हटली.
चौसष्टच्या चौसष्ट.

मग उघडून पाहिलं.
काठीची खूण, वारा, तापमान,
फेब्रुवारीच्या आठापर्यंत सुबक अक्षर.
पुढच्या सहा ओळी कोऱ्या.
आखलेल्या, तारखा घातलेल्या, आकडा नाही.
समासात बारीक: खाली गेलो होतो. एर्मेक.
पंधरापासून पुन्हा काठी, पुन्हा वारा,
अक्षर तेच, पेन्सिल जरा जास्त दाबलेली.

एर्मेक कोण, हे विचारायला
एसेनबेक आता नाही.
वहीही गप्प.
फाइल मात्र पुरी आहे, ताळा शपथेवर सांगतो:
तिकडे जे होतं ते सगळं इकडे आलं,
हे नसणंसुद्धा आलं,
त्यातला ठिपकाही वाटेत सांडला नाही.

आता तक्ता. सहा घरं.
नियम असा की घर रिकामं ठेवू नये,
आठ आणि पंधराच्या मधली सरासरी भरावी.
सहज निघाली असती,
कागदही लागला नसता.
आणि शून्य घालावं तर शून्य म्हणजे
तो गेला, काठी रोवली, बर्फ नव्हता.

बुरुलचाने घरं तशीच सोडली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, खाली गेले होते.
नाव लिहिलं नाही.
शेगडी पोरीच्या पायांकडे वळवली
आणि ब्याण्णवला हात घातला.
चार टक्के.
पाच.